खाचरं पिवळी पडायच्या आत: ठाण्याहून भंडारदऱ्याला, दोघांनी

पहिल्या वेळी आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. दोघांच्या सुट्ट्या जुळल्या, गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली होती, घरून परवानगीही मिळाली. सगळं जमून आलं होतं, फक्त शेतात भात नव्हता. घोटी सोडून बारीच्या रस्त्याला लागलो तर डोंगराच्या पायऱ्या न्हाव्याच्या खुर्चीवरून नुकत्याच उठल्यासारख्या दिसत होत्या. खाचराखाचरांत कापलेल्या भाताची खोडकं आणि मधूनमधून पेंढ्याच्या उडव्या. ऐरोलीचा माझा मित्र काचेला नाक लावून बसला होता. "फोटोत तर हिरवं-पिवळं होतं रे," एवढंच म्हणाला आणि कसारा उतरेपर्यंत गप्प राहिला.

त्यानंतर चार वेळा गेलो आणि दरवेळी एकेक चूक कमी केली. पुढे लिहितोय ते त्या चुकांमधून आलेलं आहे. गाडी, हॉटेल, कॅमेरा हे सगळं नंतर बघू. आधी तारीख, कारण इथले रंग भाताच्या वेळापत्रकाने येतात आणि आपल्या रजेच्या अर्जाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं.

तारीख भाताला विचारा

शहापूर, इगतपुरी, अकोले या पट्ट्यातला बहुतेक भात पावसावरचा, म्हणजे वर्षातून एकदाच. जूनमध्ये पाऊस लागला की राब, म्हणजे वाळका पालापाचोळा, भाजून तयार केलेल्या तुकड्यात बी पडतं. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोपं उपटायची, खाचरात चिखल करायचा आणि लावणी. ती साधारण जुलैभर चालते. ऑगस्टमध्ये सगळा डोंगर एकाच गडद हिरव्या रंगाचा असतो. देखणा असतो, पण धुकं आणि पाऊस तो बघू देतीलच असं नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून भात निसवायला लागतो, म्हणजे कणीस बाहेर पडतं, आणि हिरव्या रंगात राखाडी छटा उतरते. तिथून पुढे रोज रंग बदलतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात विळे चालू झाले की रंग खळ्यात जातो.

म्हणून २० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हे पंचवीस दिवस धरा. त्यातही एकच आठवडा निवडायचा तर मी ऑक्टोबरचा पहिला घेईन. पाऊस बराच मागे हटलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं, पिवळ्या फुलांची खुरासणी फुललेली असते आणि भाताचे सगळे रंग एकाच उतारावर सापडतात.

पाऊस उशिरा आला तर हे गणित आठ-दहा दिवस पुढे सरकतं. ते ओळखायच्या दोन ठाणेकर युक्त्या आहेत. ओळखीचं कोणी कसारा लोकलने जात-येत असेल तर त्याला खडवली-वासिंदच्या मधल्या शेतांचा फोटो पाठवायला सांगा. तिथला भात निम्मा पिवळा दिसला की घाटावर बघण्यासारखं काहीतरी नक्की आहे. दुसरी युक्ती जांभळी नाक्याच्या बाजारातली. दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडूच्या ढिगाशेजारी भाताच्या लोंब्या विकायला येतात. त्या कोवळ्या, हिरवट आहेत की दाणा भरून पिवळ्या पडल्यात, ते हातात घेऊन बघा. विकणाऱ्या मावशींना शेत कुठलं ते विचारलंत तर बातमी थेट बांधावरची मिळते.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला मोठी गर्दी असते आणि पायथ्याच्या बारी गावात गाड्यांची रांग लागते. त्या नऊ दिवसांत जायचं असेल तर बारी सकाळी आठच्या आत ओलांडा.

एकाच डोंगरावर इतके रंग का

हे कळलं की प्रवासाची मजा दुप्पट होते, म्हणून इथे जरा थांबतो.

भाताच्या जाती किती दिवसांत तयार होतात त्यावरून त्यांना हळव्या, निमगरव्या आणि गरव्या म्हणतात. हळवा भात लवकर, गरवा सगळ्यात शेवटी. उताराच्या वरच्या खाचरांत माती उथळ असते आणि पाऊस थांबला की पाणी लगेच उतरून जातं, म्हणून तिथे हळवा लावतात. खाली ओढ्यालगत माती खोल आणि ओल टिकणारी, तिथे गरवा. त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला खालून वर बघितलं की तळाशी हिरवं, मध्ये पोपटी-पिवळं आणि वर सोनेरी असा जिना दिसतो. रंगाच्या आड पाण्याचा हिशोब आहे आणि तो शेतकऱ्याने जूनमध्येच मांडलेला असतो.

खाचरांच्याही वर, जिथे बांध घालून पाणी अडवता येत नाही अशा तिरक्या वरकस जमिनीवर नागली आणि वरई असते. आपण जिला नाचणी म्हणतो ती इकडे नागली. तिची कणसं मूठ अर्धवट मिटल्यासारखी असतात आणि पिकताना तांबूस-तपकिरी होतात. वरई मात्र खाली मान घालून उभी असते. आणि या सगळ्यात एखादा तुकडा हळद सांडल्यासारखा पिवळा धमक दिसला तर ती खुरासणी, आपल्या ठाण्याच्या वाण्याकडची कारळं. फोटोंखाली लोक तिला बिनधास्त सूर्यफूल म्हणतात. फूल त्याच कुळातलं आहे, पण रुपया-दोन रुपयांच्या नाण्याहून थोडंसंच मोठं. कातळावर आणि रस्त्याच्या कडेला आपोआप उगवलेली, गुडघ्याखालची पिवळी फुलं दिसतात ती सोनकी. कंबरेएवढी, वावरात पेरलेली असेल ती खुरासणी. तिच्यात शिरायच्या आधी क्षणभर कान द्या, मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

कधी एखाद्या खाचराची कणसं काळपट दिसतील. रोग पडलाय असं वाटतं. तो काळभात असू शकतो: साळ काळसर, आत तांदूळ पांढरा आणि वासाचा. अकोले तालुक्यात अशा जुन्या वाणांचं बियाणं राखण्याचं मोठं काम झालेलं आहे. २०२० साली ज्यांना पद्मश्री जाहीर झाली त्या बीजमाता राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

गाडी, पैसे आणि कामाची वाटणी

साधी छोटी कार पुरते. पावसाळा संपल्यावर धरणाकाठच्या रस्त्यांवर खड्डे असतात, त्यामुळे फार बुटकी गाडी नको. स्टेपनीत हवा आहे का ते घरी बघा. आम्ही एकदा पंक्चर झाल्यावर घाटघरच्या रस्त्यावर बघितलं. वायपरची रबरं, हेडलाइट आणि काच पुसायला सुती फडकं, एवढी तयारी बास. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण शेंडीच्या पुढे नेटवर्क येऊन-जाऊन असतं. रोख पैसे सुट्ट्यात ठेवा: दहा, वीस, पन्नासच्या नोटा.

दोघांत एक नियम पक्का हवा: गाडी चालू असताना चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. बाजूचा डोंगर बघणं, "थांब" म्हणणं, मागून ट्रक येतोय का ते सांगणं हे शेजारच्याचं काम. हे सोपं वाटतं, पण पहिला पिवळा तुकडा दिसला की चालवणाऱ्याची मान हमखास वळते. म्हणून आम्ही घोटी आणि शेंडी या दोन ठिकाणी चालक बदलतो. प्रत्येकाला बघायचा आपला वाटा मिळतो. थांबताना गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्या, पण गवतात चाक घालायच्या आधी शेजाऱ्याने उतरून जमीन पायाने दाबून बघायची. हिरवळीखाली गटार असतं. आमचं पुढचं डावं चाक एकदा तसं गेलं होतं. शेतातून आलेल्या तिघांनी ते उचलून दिलं आणि चहालाही थांबले नाहीत.

गाण्यांच्या निवडीवरून भांडण होणारच. त्यावर उपाय सापडलेला नाही.

रस्ता

पहाटे पाचला माजिवड्यातून निघा. साडेपाच चालेल, सहा नको. माजिवडा ते वडपे या टप्प्यात भिवंडीच्या गोदामांचे ट्रक असतात आणि त्यांच्या मागे अडकलात की सकाळचं ऊन तिथेच संपतं. नवी मुंबईहून येणाऱ्याने आदल्या रात्रीच ठाण्यात मुक्कामाला यावं. माझा मित्र तेच करतो, आणि सकाळी त्याला उठवणं हा प्रवासातला सगळ्यात अवघड घाट आहे.

पडघा, वासिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी, कसारा. या भागात महामार्गावरून खाचरं दिसतात, पण थांबू नका. इथे गाड्या वेगात असतात, आणि पुढे जे आहे ते यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. कसारा घाटात चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे. धुकं असेल तर हेडलाइट लो बीमवर ठेवा आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, कारण मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही.

समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे आता घाट न चढता बोगद्यातून वर जाता येतं. कसाऱ्याजवळचा तो बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. वेळ वाचतो, टोल लागतो, दुचाकीला बंदी आहे. माझं मत: जाताना जुना रस्ता, येताना समृद्धी. बघायला निघालेल्या माणसाने सकाळच्या उजेडात बोगद्यात शिरू नये. रात्री दमून परतताना मात्र घाट टाळलेला बरा.

इगतपुरीनंतर घोटी. टाकी इथेच भरा, नाश्ताही इथेच उरका. घोटीत महामार्ग सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलात की खरा प्रवास सुरू होतो. उजव्या-डाव्या हाताला खाचरं, समोर कळसूबाईची रांग. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. बारीच्या आधीच्या चढावर वेग तीसच्या आत ठेवा. वळणावर हॉर्न द्या आणि वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. बारीजवळ रस्त्यावरून खाली वळून बघितलं की मघाशी सांगितलेला जिना सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथे पोचायची वेळ साडेआठ-नऊ असली पाहिजे. ऊन तिरपं असतं, प्रत्येक बांधाची सावली खालच्या खाचरात पडते आणि पायरी पायरी सुटी दिसते. दुपारी बारा वाजता तोच डोंगर सपाट दिसतो.

दहाच्या सुमाराला एक गोष्ट जवळून बघा. जो भात नुकता निसवला आहे त्याच्या कणसाशी डोळा न्या. हिरव्या साळीची दोन टरफलं किंचित उघडतात आणि त्यातून पांढरट, केसाएवढे तंतू बाहेर लोंबतात. ते भाताचं फूल. सकाळचे थोडेच तास उघडं असतं, मग साळ मिटते आणि आत दाणा धरतो. वासाचा भात असेल तर वारा पडल्यावर शिजत्या भातासारखा मंद वास येतो. माझ्या मित्राने आयुष्यात पहिल्यांदा भाताचं फूल बघितलं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि रोज दोन वेळा भात खात होता.

धरणाभोवतीचा फेरा

शेंडी हे भंडारदऱ्याचं गाव. प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं, पण आपण धरणापेक्षा त्याच्या मागच्या पाण्याभोवतीच्या गावांसाठी आलोय. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जपून ठेवा.

फेरा असा: शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. अंतर साधारण चाळीस किलोमीटर, पण पाच तास हाताशी ठेवा. मुरशेत-पांजऱ्याकडे खाचरं थेट पाण्याच्या काठापर्यंत उतरतात. या दिशेने गेलात तर दुपारी रतनवाडीत पोचता. अमृतेश्वराचं शिलाहारकालीन कोरीव देऊळ आणि त्याजवळची पुष्करणी भर दुपारी सावलीत बघायला बरी. उलट दिशेने गेलात तर संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर येता आणि सूर्य समोर कोकणात उतरतो. मुक्काम करणार असाल तर उलटी दिशा घ्या, त्याच दिवशी परतायचं असेल तर सुलटी.

घाटघरच्या कड्यावर दोन मिनिटं जास्त थांबा. ठाणे, नाशिक आणि अहिल्यानगर असे तीन जिल्हे करत दीडशेच्या वर किलोमीटर आलेलो असतो आणि कड्याखाली पायाशी दिसतो तो पुन्हा आपलाच शहापूर तालुका! इथल्या वीजप्रकल्पात वरच्या जलाशयातलं पाणी खाली चोंढे गावाकडे सोडून २५० मेगावॅट वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. मित्राचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आपण पण लिफ्टने आलो असतो?"

कड्याला कठडा सगळीकडे नाही आणि सप्टेंबरात कातळावर शेवाळ असतं. सेल्फीचा हट्ट इथे नको.

बांधावर पाय ठेवायच्या आधी

या सगळ्या प्रवासात आमचं सगळ्यात जास्त चुकलं ते इथे. दुसऱ्या खेपेला पांजऱ्याच्या अलीकडे मित्र फोटोसाठी दोन खाचरांमधल्या बांधावर जाऊन उभा राहिला. वरच्या झोपडीतून एक आजी काठी टेकत खाली आल्या. रागावल्या नव्हत्या, पण आवाज चढा होता.

"बाबा, कडेला हो. तो बांध ओला हाय."

"आजी, एकच फोटो..."

"फोटो घे की. पण बांध खचला तर वरचं पाणी खालच्यात जाईल, आन् खालचा भात आडवा व्हईल. मग तू येशील का उभा करायला?"

मग त्यांनीच दाखवलं. बांध म्हणजे मातीचा ढिगारा नसतो. दरवर्षी चिखल थापून, कडेला गवत राखून तो उभा केलेला असतो आणि एका कोपऱ्यात पाणी खाली सोडायला वीतभर वाट ठेवलेली असते. मित्राचा बूट नेमका त्या वाटेच्या कडेवर होता.

तेव्हापासूनचे आमचे नियम. शेतात कोणी दिसलं तर आधी हाक मारायची: दादा, मावशी, आजी, जे वय असेल ते. "आत आलं तर चालेल का?" असं विचारायचं. नाही म्हणणारं अजून कोणी भेटलं नाही, उलट "हिकडून या, तिकडं पाय रुततो" असं सांगतात. पायवाट असलेल्या रुंद बांधावरूनच चालायचं, एकामागे एक. खुरासणीत शिरायचं नाही, तिची झाडं मोडतात आणि मधमाश्यांचाही विचार करायचा असतो. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कापणीत वाकलेल्या बाईची पाठ आपल्याला छान वाटते, तिला नाही. आणि पाण्याच्या बाटल्या परत ठाण्याला आणायच्या.

पायात जुने बूट घाला, पँट पायमोज्यात खोचा. कापणीच्या दिवसांत शेतात साप असतात, म्हणून उडवीवर बसणं किंवा पेंढ्यात हात घालणं नको.

गाडी चालवतानाही कापणीच्या दिवसांत एक पाळा. काही गावांत डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात धान्य वाळत घातलेलं असतं. समोर मोकळं असेल तर उरलेल्या अर्ध्यातून हळू जा, नसेल तर थांबा. पाचनंतर गुरं घरी परततात आणि पेंढा डोक्यावर घेतलेली माणसं वळणावरून अचानक समोर येतात. त्यामुळे शेंडी-घोटी रस्ता अंधार पडायच्या आत उरका.

जेवण, आणि घरी काय न्यायचं

शेंडी, रतनवाडी, साम्रद इथे घरगुती जेवण मिळतं, पण पोचल्या पोचल्या सांगून ठेवावं लागतं. नागलीची भाकरी मागा, सोबत खुरासणीची चटणी आहे का विचारा. त्या दिवशी सकाळी जे पीक बघितलं तेच दुपारी ताटात येतं, आणि कारळ्याची चटणी आपण इतकी वर्षं काय समजून खात होतो असा प्रश्न पडतो.

पूर्ण दिवस नसेल तर कल्याण-मुरबाड-टोकावडे या रस्त्याने माळशेजच्या पायथ्यापर्यंत जाऊन या. भाताची खाचरं, मागे सह्याद्रीची भिंत, आणि जेवायला घरी.

परत येताना घोटीला थांबा. इगतपुरी तालुका भाताचा, त्यामुळे घोटीत भाताच्या गिरण्या पुष्कळ आहेत आणि तांदूळ घेऊन जायची चाल जुनी आहे. इंद्रायणी सहज मिळतो. काळभात नाव घेऊन विचारावा लागतो. घेताना मूठभर तांदूळ तळहातावर घासून वास घ्या आणि तुकडा किती आहे ते उजेडात बघा. पाच किलो घ्या, पंचवीस नको. आधी शिजवून तर बघा.

आणि तांदूळ नवा की जुना ते विचाराच. नव्याला पाणी कमी लागतं आणि तो चिकट होतो, जुना पाणी पितो आणि मोकळा होतो. माझ्या मित्राने ५ ऑक्टोबरला गिरणीच्या दारात उभं राहून ठासून सांगितलं होतं, "आम्हाला नवाच द्या, जुना नको."

गिरणीवाल्याने हातातलं माप खाली ठेवलं. "कुठून आलात?"

"भंडारदऱ्याहून. दिवसभर भातच बघत होतो."

"मग नवा आत्ताच बघून आलात की," तो म्हणाला. "शेतात उभा आहे. दिवाळी झाली की या."

आम्ही जुनाच घेतला. वाटीभर तांदळाला दीडाऐवजी दोन वाट्या पाणी घालायला त्याने सांगितलं.